मेंदूतली न दिसणारी पट्टी आणि दिवाळीनंतरचं साक्षगंध

'मॅडम, मी नागपूरला मनीषनगरात राहते, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. वय २७. कॉलेजपासून अधूनमधून डोकं दुखतं, या उन्हाळ्यात फारच वाढलं, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये मधेच एक वाक्य आहे की "इंटरथॅलॅमिक अधेजन दिसत नाही". शेवटी मात्र "मेंदूत विशेष दोष नाही" असं लिहिलंय. डॉक्टरही म्हणाले, काही नाही. पण माझ्या मावसभावाने तो शब्द इंटरनेटवर शोधला आणि घरच्या ग्रुपवर टाकलं की हा जोड नसणं स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये जास्त सापडतं. माझ्या मोठ्या बाबांना हाच आजार आहे, कित्येक वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतर माझं साक्षगंध आहे. आई म्हणते, "कशाला सांगायचं बाप्पा कोणाला, तो रिपोर्टच फाडून टाक." काळजीने झोप लागत नाही. माझ्या मेंदूत काही कमी आहे का? पुन्हा एमआरआय करू का? मुलाकडच्यांना सांगायचं का? ता. क. डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे चमकत्या, वाकड्यातिकड्या रेषा येतात. तेही यातलंच का?'

तुला 'तू' म्हणते. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि तुझ्या वयाच्या मुलींना अहोजाहो करायची सवयच राहिली नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकते. मेंदूत काही कमी नाही. पुन्हा एमआरआय नको. तिसऱ्याला जरा वेळ लागेल. आणि ताजा कलमात जे लिहिलंस ना, तेच तुझ्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं आहे. त्याकडे शेवटी येते.

आधी ही पट्टी म्हणजे काय ते समजून घे, कारण अर्धी भीती त्या लांबलचक नावाचीच आहे. मेंदूच्या अगदी मधोमध, खोल आत, डावा आणि उजवा असे दोन थॅलॅमस असतात. प्रत्येक साधारण ३ सेंटिमीटर लांब, लंबगोल, राखाडी. वास सोडला तर डोळे, कान, त्वचा यांच्याकडून निघालेली माहिती मेंदूच्या वरच्या थराकडे जाताना इथे थांबून पुढे जाते. या दोघांच्या मध्ये एक अरुंद उभी फट असते, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली. तिला तिसरं व्हेंट्रिकल म्हणतात. तरुण माणसात ती जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. आता दोन भिंती इतक्या जवळ असल्यावर बऱ्याच माणसांत त्या एका जागी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ती चिकटलेली जागा म्हणजे तुझ्या रिपोर्टमधलं इंटरथॅलॅमिक अधेजन. जुन्या पुस्तकांत याच पट्टीला मासा इंटरमीडिया म्हटलेलं सापडेल, तेव्हा मावसभावाने उद्या ते नाव शोधून आणलं तर दुसरा रोग निघाला असं समजू नकोस.

हे चिकटणं आईच्या पोटात होतं, गर्भ साधारण १३-१४ आठवड्यांचा असताना. दोन्ही थॅलॅमस वाढत वाढत मधल्या फटीत पुढे येतात, काहींचे एकमेकांना टेकतात आणि टेकलेली जागा जुळून जाते. काहींचे टेकतच नाहीत. तुझे बहुधा टेकले नाहीत. म्हणजे होतं ते तुटलं, झिजलं किंवा वाढायचं राहून गेलं, असलं काही घडलेलं नाही.

ज्यांच्यात पट्टी असते त्यांच्यातही ती एकसारखी नसते. कोणाची दोन-तीन मिलिमीटरची, कोणाची सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी. कोणाची गोल, कोणाची चपटी, कोणाची फटीत थोडी पुढे, कोणाची मागे. क्वचित एखाद्यात दोन पट्ट्या सापडतात. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनमधला मेंदू मधोमध उभा कापला की थॅलॅमसच्या आतल्या, गुळगुळीत भिंतीवर एक लहानसा खरबरीत राखाडी ठिपका दिसतो. तो त्या पट्टीचा कापलेला पृष्ठभाग. पोरं तो ठिपका शोधायला लागली की एका टेबलावर सापडायचा, शेजारच्या टेबलावर नाही. मग 'मॅडम, आमच्या मेंदूत नाहीये' अशी तक्रार घेऊन कोणीतरी यायचंच. त्यांना मी पुढच्या टेबलावर पाठवत असे.

'पण तो जोडच नाही, मग डावा-उजवा मेंदू एकमेकांशी बोलणार कसे?' हा प्रश्न तुझ्या मनात असणार. जुन्या शरीररचनाकारांनाही तो पडला होता, म्हणून त्यांनी याला राखाडी सेतू ठरवून टाकलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात मुख्यतः चेतापेशी, त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या दिसतात, वर-खाली व्हेंट्रिकलचं नेहमीचं पातळ अस्तर. चेतातंतूही असतात, पण मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाणारे माणसात थोडेच. अलीकडे विशिष्ट प्रकारच्या एमआरआयने या पट्टीतून आरपार जाणारे मार्ग दाखवले गेले आहेत, त्यामुळे तिचं काम शून्य आहे असं मी म्हणणार नाही. डाव्या-उजव्या मेंदूतली मोठी वाहतूक मात्र तिच्या भरवशावर कधीच नव्हती. ती चालते कॉर्पस कॅलोसम नावाच्या मोठ्या सेतूमधून, ज्यात अंदाजे २० कोटी तंतू आहेत. शिवाय पुढे आणि मागे आणखी दोन लहान सेतू आहेत. तुझ्या रिपोर्टमध्ये कॉर्पस कॅलोसमबद्दल एक ओळ असणारच, 'सामान्य' म्हणून. ती वाच. मावसभावाने ग्रुपवर टाकली नसेल.

प्राण्यांत हीच पट्टी माणसापेक्षा कितीतरी दांडगी असते. उंदीर, मांजर, कुत्रा, मेंढी, बकरी, सगळ्यांत. घरी भेजा आणत असाल तर एकदा कढईत टाकण्याआधी धारदार सुरीने मधोमध उभा काप आणि कापलेली बाजू बघ. मध्यभागी मोठा गोल राखाडी भाग दिसेल आणि त्याच्याभोवती बारीक फट. ती फट म्हणजे तिसरं व्हेंट्रिकल, पट्टीने मधली सगळी जागा अडवल्यामुळे कडेकडेने उरलेलं. पट्टीच्या आकारावर अक्कल ठरत असती तर बकरी आपल्या पुढे गेली असती.

किती माणसांत ती नसते? ढोबळमानाने पाचांत एकात. अभ्यासाअभ्यासात आकडा हलतो, त्याची कारणंही साधी आहेत. पट्टी मऊ असते, मृत शरीरातून मेंदू काढताना आणि हाताळताना फाटू शकते. वय वाढतं तसं व्हेंट्रिकल रुंदावतं, त्यामुळे कोणत्या वयाचे मेंदू पाहिले यावरही फरक पडतो. १९९१ साली लॉरा अॅलन आणि रॉजर गोर्स्की या दोघांनी १०० मेंदू तपासून एक अभ्यास छापला. त्यात ७८ टक्के स्त्रियांत पट्टी होती आणि ६८ टक्के पुरुषांत, आणि जिथे होती तिथे स्त्रियांची सरासरीने मोठी होती. 'बायकांमध्ये तर असते म्हणे' असं कोणी ऐकवलं तर याच अभ्यासातल्या उरलेल्या २२ टक्के बायका त्याला दाखव. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. पाचांत एक धरलं तर तुझ्यासारखे पावणेपाच लाखांच्या आसपास लोक याच शहरात बर्डीवर खरेदी करतायत, मेट्रोने ऑफिसला जातायत. त्यांचा एमआरआय निघाला नाही, म्हणून त्यांना झोप लागते.

असं असणं-नसणं शरीरात जागोजागी आहे. आत्ता वाचता वाचता अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकव आणि मनगट किंचित आत वाकव. मनगटाच्या मधोमध एक ताठ दोरी उभी राहिली तर ती पामॅरिस लाँगस स्नायूची. जगभरात साधारण १०० पैकी १४-१५ जणांना ती एका किंवा दोन्ही हातांना नसते. घरात सगळ्यांची बघ, एखाद्याची नसेलही. त्याची पकड ढिली पडत नाही आणि त्याचं लग्नही अडत नाही. प्लास्टिक सर्जन तर ही दोरी काढून दुसरीकडे वापरतात.

आता 'दिसत नाही' या शब्दांकडे बघ. रिपोर्टमध्ये 'नाही' असं लिहिलेलं नाही. नेहमीच्या एमआरआयमध्ये काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटते. दोन-तीन मिलिमीटरची पट्टी त्यात सहज हरवू शकते. एक मिलिमीटरचे काप घेतले तर कदाचित दिसेलही. म्हणून मग पुन्हा काढायचा का? अजिबात नाही. दिसली तरी तुझ्या उपचारात काही बदलणार नाही आणि नाही दिसली तरी नाही. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनी काहीच फरक पडत नाही तिला पैसे घालू नयेत.

रिपोर्ट कसा वाचायचा तेही सांगते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. कोणाच्या रिपोर्टमध्ये कॅव्हम सेप्टम पेलुसिडम (मेंदूतल्या दोन पातळ पडद्यांमधली द्रवाची पोकळी) असतं, कोणाच्या पिनियल ग्रंथीमध्ये कॅल्शियम, आता तुझी ही पट्टी. मधल्या भागात रेडिओलॉजिस्ट डोळ्यांना दिसलं ते सगळं उतरवतात, शेवटी त्यातलं महत्त्वाचं काय ते सांगतात. तुझ्या शेवटात 'विशेष दोष नाही' आहे, म्हणजे त्यांनी ती गोष्ट पाहिली, तोलली आणि सोडून दिली. माझं मत विचारशील तर अशा वाक्यापुढे 'हा सामान्य फरक आहे' एवढे चार शब्द लिहायला काही जड जात नाही. रिपोर्ट आता डॉक्टरआधी पेशंटच्या फोनवर पोचतो, हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. पट्टीला खरोखर महत्त्व येतं ते मोजक्या ठिकाणी. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषाबरोबर येणाऱ्या कियारी-२ या विकृतीत ती नेहमीपेक्षा मोठी असते. तिसऱ्या व्हेंट्रिकलमध्ये दुर्बीण घालायची असेल तर सर्जनला तिचा आकार आधी माहीत असावा लागतो. आणि मध्यरेषेवरच्या इतर गोष्टीही जागेवर नसतील तर मग ती एका मोठ्या चित्राचा भाग ठरते. तुझ्या बाबतीत यातलं काहीच नाही.

मावसभाऊ खोटं बोलला नाही. अर्धवट बोलला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही पट्टी नसण्याचं प्रमाण जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, काही अभ्यासांत फरक सापडलाही नाही. सगळे एकत्र करून पाहिले तेव्हा थोडा फरक उरतो. या आजारात तिसरं व्हेंट्रिकल सरासरीने जरा रुंद असतं, त्याच्याशीही याचा संबंध असू शकतो. पण 'रुग्णांत जास्त वेळा नसते' यावरून 'नसेल त्याला रोग होतो' असं निघत नाही. हिशोब करून बघ. समज, १०,००० माणसं आहेत, त्यात १०० जणांना आजार आहे. मुद्दाम मोठा फरक धरू: रुग्णांत १०० पैकी ३० जणांना पट्टी नाही, इतरांत १०० पैकी २० जणांना. मग पट्टी नसलेले एकूण किती? ३० रुग्ण आणि १,९८० निरोगी, मिळून २,०१०. यातल्या १,९८० जणांना काहीही झालेलं नाही. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण खरे आकडे घातले तरी चित्र असंच राहतं. म्हणूनच ही पट्टी बघून कोणताही मनोविकारतज्ज्ञ निदान करत नाही. ते निदान माणसाशी बोलून, त्याच्या घरच्यांशी बोलून होतं.

मोठ्या बाबांचं म्हणशील, तर ती गोष्ट पट्टीपेक्षा वेगळी आहे आणि रिपोर्ट यायच्या आधीही ती होतीच. काकाला हा आजार असेल तर पुतणीला धोका सर्वसाधारण माणसापेक्षा थोडा जास्त असतो, हे खरं आहे. तरीही १०० पैकी ९५ हून जास्त पुतण्यांना तो होत नाही. आईबाप किंवा सख्ख्या भावंडाला असता तर आकडा अजून वर गेला असता. तुझी नोकरी चालू आहे, तू सुसंबद्ध चार पानी पत्र लिहिलंस, आणि झोप लागत नाही ती काळजीने. हे पंधरवड्यात कमी झालं नाही तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. त्यात कमीपणा काही नाही. आणि एक, ग्रुपवर हे सगळं चाललं तेव्हा मोठे बाबाही त्या ग्रुपवर होते का गं? असतील तर एकदा त्यांच्याजवळ जाऊन बस.

आता तुझा ताजा कलम. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा, वीसेक मिनिटं, मग डोकं ठणकणं. हे ऐकून कोणत्याही न्यूरॉलॉजिस्टच्या मनात पहिली गोष्ट येईल ती म्हणजे ऑरासह मायग्रेन. ऑरा म्हणजे डोकं दुखायच्या आधीच्या या रेषांसारख्या खुणा. पट्टीशी याचा संबंध नाही. निदान त्यांनीच समोर बसवून करायचं, पण एवढं सांगते की लग्नाच्या दृष्टीने तुझ्या फाइलमध्ये काही महत्त्वाचं असेल तर ते हे आहे, आणि त्याबद्दल घरात एक अक्षर कोणी बोललेलं दिसत नाही. ऑरासह मायग्रेन असलेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला हाच आहे. लग्नाआधी मैत्रिणीने किंवा जाऊबाईने 'ही घे, मी पण हीच घेते' म्हणून हातात दिलेली गोळी घेऊ नकोस. फक्त प्रोजेस्टेरॉन जातीची गोळी, तांबी असे दुसरे पर्याय आहेत, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार आणि विचारताना त्या रेषांबद्दल आवर्जून सांग. दुसरं, मायग्रेन रोखायला रोज घ्यायच्या गोळ्यांमध्ये व्हॅल्प्रोएट नावाचं एक औषध आहे. त्याने गर्भात व्यंग होऊ शकतं. पुढेमागे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं, गोळ्या सुरू झाल्यावर नाही.

मेडिकलमधून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यातून किती दिवस घेतेस ते पत्रात नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली १० दिवस किंवा त्याहून जास्त होत असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं आणि चक्र थांबत नाही. मे महिन्यातलं आपलं ४५ अंशांचं ऊन, पाणी कमी, सकाळी उपाशी निघणं, वर सोळा सोमवार, यात मायग्रेन उसळला नाही तरच नवल. एका साध्या वहीत लिहित जा: तारीख, रेषा आल्या का, किती तास दुखलं, काय खाल्लं होतं, पाळीचा कितवा दिवस, कोणती गोळी घेतली. डॉक्टरांना त्या वहीतून एमआरआयपेक्षा जास्त कळेल. मात्र कधी एकदम, क्षणात, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, किंवा ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, झटका आला, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

राहिला मुलाकडच्यांचा प्रश्न. पट्टीबद्दल सांगायचं कारणच नाही, कारण तो आजार नाही. आपल्या मनगटाला दोरी नाही हे कोणी बैठकीत जाहीर करत नाही. विचारलंच तर 'डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला, नॉर्मल आला' एवढं सांग, ते शब्दशः खरं आहे. रिपोर्ट मात्र फाडू नकोस. आईला माझं नाव सांगून सांग की तो फाइलमध्ये जपून ठेवायचा. पुढे कधी लागला तर तुलना करायला जुना रिपोर्ट फार उपयोगी पडतो. आणि फाडलेला कागद म्हणजे लपवलेलं काहीतरी, असंच दिसतं.

मायग्रेनचं मुलाला सांग. चष्म्याचा नंबर सांगावा तितक्या सहज, साक्षगंधाआधी, तुम्ही दोघं कुठे फुटाळ्यावर वगैरे भेटता तेव्हा. 'महिन्यातून दोन-तीनदा मला अंधाऱ्या खोलीत झोपून राहावं लागतं' हे ऐकून तो काय विचारतो ते तुलाही कळू दे. मोठ्या बाबांच्या आजाराबद्दल माझं मत तुझ्या आईला आवडणार नाही. मी असते तर तेही त्यालाच सांगितलं असतं, बैठकीतल्या पंधरा माणसांना नाही. बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं, आणि कित्येक वर्षं नेमाने औषध घेणाऱ्या माणसाची लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण तो निर्णय तुझा आणि तुझ्या घरचा, मी जोर करणार नाही.

मावसभावाशी वाद घालू नकोस. ग्रुपवर एकच ओळ टाक, 'डॉक्टरांना विचारलं, हा सामान्य फरक आहे, पाचांत एकात असतो,' आणि विषय सोड. त्याने परत काही पाठवलं तर त्याचाच एमआरआय काढायला सुचव. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मात्र याच आठवड्यात घे. दिवाळीच्या सुमारास ओपीडी लवकर मिळत नाही, आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्याच तर त्यांचा गुण यायला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात.